तुम्ही काय काम करता? : रेयॉनचा धागा, कल्याणचे कामगार आणि दीडशे वर्षांहून जुना एक आजार

कपाटातली एखादी मऊ, सुळसुळीत कुर्ती बाहेर काढा आणि आतल्या बाजूला शिवलेली छोटी पट्टी वाचा. बऱ्याचदा तिथे ‘रेयॉन’ किंवा ‘व्हिस्कोस’ असे लिहिलेले दिसेल. उन्हाळ्यात अंगाला गार लागणारे, रेशमासारखे चमकणारे आणि खिशाला परवडणारे हे कापड आज घरोघरी आहे. कल्याण परिसरातल्या वाचकांना मात्र ‘रेयॉन’ हा शब्द कापडाच्या आधी पत्त्यातून माहीत असतो. मोहन्याची एनआरसी कॉलनी, शहाडचे सेंच्युरी रेयॉन, त्याच्या शेजारचे बिर्ला मंदिर. तुमच्यापैकी अनेकांच्या घरातले आजोबा, वडील किंवा मामा या कारखान्यांत तीन पाळ्यांमध्ये राबले असतील.

आजचा लेख या धाग्याच्या इतिहासावर आहे. आरोग्यविषयक ब्लॉगवर हा इतिहास कशासाठी, असे तुम्हाला वाटेल. कारण असे, की हा धागा ज्या रसायनाच्या मदतीने तयार होतो, त्याने होणारा आजार डॉक्टरांना १८५६ पासून माहीत आहे. तरीही तो एका देशात ओळखला गेला की दुसऱ्या देशात नव्याने ‘सापडत’ राहिला. असे का झाले, हे समजले तर आपल्या घरातल्या निवृत्त कामगाराच्या तब्येतीकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू.

लाकडापासून रेशमापर्यंत

रेयॉन हा पूर्ण कृत्रिम धागा नाही. नायलॉन आणि पॉलिस्टर खनिज तेलापासून बनतात, तर रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून. हा लगदा बऱ्याचदा परदेशी जंगलांतून जहाजाने येतो. तो कॉस्टिक सोड्यात भिजवतात, पिळतात आणि काही काळ मुरू देतात. मग त्यात कार्बन डायसल्फाइड नावाचे द्रव रसायन मिसळतात. लगद्याचा नारिंगी-पिवळा चुरा होतो. तो पुन्हा सौम्य कॉस्टिक सोड्यात विरघळवला की मधासारखे घट्ट द्रावण तयार होते. या घट्टपणावरूनच त्याला ‘व्हिस्कोस’ हे नाव पडले.

पुढची पायरी आपल्या स्वयंपाकघरासारखी आहे. आपण सोऱ्यातून शेव तेलात पाडतो, तसे हे द्रावण अतिशय बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत सोडतात. तिथे ते घट्ट होऊन धागा बनते आणि त्याच क्षणी आत अडकलेले कार्बन डायसल्फाइड पुन्हा मोकळे होऊन हवेत येते. सोबत कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायूही निघतो.

ही गोष्ट लक्षात ठेवा. कार्बन डायसल्फाइड धाग्यात राहत नाही. त्यामुळे तुमच्या कुर्तीने तुम्हाला काहीही होणार नाही, ती निर्धास्त घाला. ते मागे राहते कारखान्याच्या हवेत आणि तिथून जाते स्पिनिंग खात्यातल्या माणसाच्या फुफ्फुसांत. ग्राहकाच्या हाती निर्मळ धागा येतो आणि त्याचा अपाय हजारो मैल दूर राहतो. म्हणून ग्राहकाला त्याची कधी जाणीवच होत नाही.

पॅरिसच्या फुग्यांपासून सुरुवात

कार्बन डायसल्फाइडची पहिली मोठी शिकार रेयॉन कामगार नव्हते, रबर कामगार होते. १८४६ मध्ये अलेक्झांडर पार्क्स या इंग्रज संशोधकाने रबर न तापवता टिकाऊ करण्याची पद्धत शोधली. त्यात हे रसायन द्रावक म्हणून वापरले जाई. पॅरिसमध्ये अनेक गरीब कुटुंबे लहान, कोंदट खोल्यांत बसून या पद्धतीने रबरी फुगे आणि निरोध बनवू लागली.

ऑगस्ट डेलपेश या फ्रेंच डॉक्टरांनी १८५६ मध्ये या कामगारांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १८६३ मध्ये २४ रुग्णांची सविस्तर माहिती मांडली. डोकेदुखी, विसरभोळेपणा, एकदम भडकणारा राग, विचित्र स्वप्ने, हातापायांतली शक्ती जाणे, लैंगिक दुर्बलता अशी ती लक्षणे होती. डेलपेश यांनी रुग्णांची लक्षणे तर विचारलीच, शिवाय ते कुठल्या खोलीत, कशासोबत, किती वेळ काम करतात हेही विचारले. म्हणून वेगवेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींमागचे एकच कारण त्यांना सापडले.

इंग्लंडमध्ये थॉमस ऑलिव्हर या डॉक्टरांनी १९०२ मध्ये याच रसायनावर काम करणाऱ्या रबर कामगारांबद्दल लिहिले. वेडाच्या भरात काहींनी वरच्या मजल्यावरून खाली उड्या टाकल्याची नोंद त्यांनी केली. म्हणजे विसावे शतक सुरू होताना या रसायनाबद्दल वैद्यकशास्त्राला पुरेशी माहिती होती.

आणि नेमक्या याच वेळी त्याचा सर्वांत मोठा वापर सुरू झाला. १८९२ मध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघा इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी व्हिस्कोसचे पेटंट घेतले होते. कोर्टोल्ड्स कंपनीने ते हक्क विकत घेतले आणि १९०५ मध्ये कॉव्हेंट्री येथे उत्पादन सुरू केले. काही वर्षांतच अमेरिका, इटली, जर्मनी, जपान सगळीकडे कारखाने उभे राहिले. रेशीम श्रीमंतांपुरते होते, रेयॉनने ते सगळ्यांना दिले. धागा जगभर गेला, पण त्याच्या आजाराची माहिती त्याच्याबरोबर गेली नाही.

माहीत होते, तरी मोजले नाही

अमेरिकेत औद्योगिक आरोग्याच्या प्रणेत्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन अनेक वर्षे या धोक्याकडे लक्ष वेधत होत्या. अखेर १९३८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया राज्यात रेयॉन कामगारांची पद्धतशीर तपासणी झाली आणि मज्जासंस्थेचे आजार मोठ्या प्रमाणात आढळले. इटलीत एन्रिको विलियानी यांनी चाळीसच्या दशकापासून अशाच रुग्णांचा अभ्यास केला.

दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने कैद्यांना रेयॉन कारखान्यांत जुंपले. फ्रेंच प्रतिकार चळवळीतल्या कला-इतिहासकार आग्नेस उंबेर यांना क्रेफेल्डच्या फ्रिक्स कारखान्यात असे काम करावे लागले. युद्धानंतर त्यांनी लिहिलेल्या आठवणींत स्पिनिंग खात्यातल्या बायकांच्या डोळ्यांची आग आणि काही काळ येणारे आंधळेपण यांचे वर्णन आहे. ज्यांना कसलाच हक्क नव्हता, त्यांच्या वाट्याला हेच काम आले, हा योगायोग म्हणता येणार नाही. धोक्याचे काम नेहमी ‘नाही’ म्हणू न शकणाऱ्या माणसाकडे सरकते. आज कायम कामगाराऐवजी कंत्राटी कामगाराला टाकी साफ करायला पाठवले जाते, तेव्हाही हाच नियम चालू असतो.

मेंदूकडून हृदयाकडे

तोपर्यंत हा आजार मेंदूचा आणि नसांचा मानला जाई. १९६८ मध्ये चित्र बदलले. टिलर, शिलिंग आणि मॉरिस या तिघांनी वेल्समधल्या फ्लिंटशायर भागातल्या रेयॉन कारखान्यांच्या परिसरातले जुने मृत्यू तपासले. त्यासाठी त्यांनी कुठलेही महागडे यंत्र वापरले नाही. स्थानिक मृत्यूनोंदवह्या उघडल्या. इंग्लंड-वेल्समध्ये मृत्यूच्या नोंदीत माणसाचा व्यवसाय लिहिण्याची पद्धत होती. त्यावरून दिसले, की या रसायनाशी संबंध येणाऱ्या कामगारांमध्ये हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सुमारे अडीचपट होते.

विचार करा. ही माणसे घरी, रस्त्यात किंवा रुग्णालयात ‘हार्ट अटॅकने’ गेली होती. प्रत्येक मृत्यू वेगळा पाहिला, तर त्यात काहीच विशेष नव्हते. पन्नाशीतल्या माणसाला हृदयविकार येतोच. मृत्यूच्या कारणाशेजारी व्यवसायाचा रकाना होता, म्हणून ते सगळे मृत्यू एका रांगेत उभे राहिले आणि खरे कारण दिसले.

यापुढची गोष्ट आशादायक आहे आणि ती मला मुद्दाम सांगायची आहे. फिनलंडमध्ये स्वेन हर्नबर्ग आणि सहकाऱ्यांनी ३४३ रेयॉन कामगार आणि तुलनेसाठी कागद कारखान्यातले ३४३ कामगार निवडून त्यांच्यावर अनेक वर्षे लक्ष ठेवले. पहिल्या पाच वर्षांत रेयॉन कामगारांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ४.७ पट निघाले. मग कारखान्यातली हवा सुधारली गेली, मर्यादा कडक केली गेली आणि ज्यांना जास्त धोका होता त्यांना दुसऱ्या कामावर हलवले गेले. पंधरा वर्षांच्या पाहणीच्या शेवटच्या टप्प्यात दोन्ही गटांतला फरक नाहीसा झाला.

म्हणजे हा आजार नशिबाचा भाग नाही. हवा मोजली, यंत्रे बंदिस्त केली, वायू ओढून घेणारी यंत्रणा बसवली आणि माणसांची नियमित तपासणी केली, तर माणसे वाचतात.

यंत्रे देश बदलतात

मग जगाने हे शिकून घेतले का? याचे उत्तर दक्षिण कोरियात सापडते.

साठच्या दशकात जपानच्या तोयो रेयॉन कंपनीची, म्हणजे आजच्या तोरेची, वापरलेली जुनी यंत्रे कोरियात नेण्यात आली. सोलजवळच्या या कारखान्याला पुढे वोनजिन रेयॉन नाव मिळाले. कामगारांना बधिरपणा, अर्धांगवायू, मानसिक विकार, मूत्रपिंडाचे आजार होऊ लागले. वर्षानुवर्षे ते आपापल्या डॉक्टरांकडे वेगवेगळे आजार म्हणून उपचार घेत राहिले. १९८८ मध्ये प्रकरण वर्तमानपत्रांत आले आणि मोठे आंदोलन सुरू झाले. १९९१ मध्ये एका कामगाराचा मृत्यू झाला तेव्हा त्याचा आजार कामामुळे झाल्याचे मान्य करावे, यासाठी कुटुंबीयांनी आणि सहकाऱ्यांनी १३७ दिवस अंत्यसंस्कार रोखून धरले. १९९३ मध्ये कारखाना बंद झाला. पुढे नऊशेहून अधिक कामगारांचा आजार अधिकृतपणे व्यावसायिक आजार म्हणून मान्य झाला. या लढ्यातून मिळालेल्या निधीतून कामगारांसाठी रुग्णालयही उभे राहिले.

आणि ती यंत्रे? ती चीनमधल्या दांदोंग शहरातल्या कारखान्याला विकली गेली.

जपान, कोरिया, चीन. जिथे कामगारांच्या आजाराची नोंद झाली, तिथून यंत्र पुढच्या देशात गेले. ज्याला आपण जागतिक पुरवठा साखळी म्हणतो, तिची ही बाजू फारशी सांगितली जात नाही. स्वस्त मजुरी हे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पण स्वस्त मजुरीच्या जोडीला ‘कमी नोंद’ हेही त्या साखळीचे एक कारण असते. आज जगातले बहुतेक व्हिस्कोस चीन, भारत आणि इंडोनेशिया या देशांत बनते. २०१७ मध्ये चेंजिंग मार्केट्स फाउंडेशन या संस्थेने याच देशांतल्या व्हिस्कोस कारखान्यांभोवतीच्या प्रदूषणावर अहवाल काढला आणि त्या धाग्याची वाट युरोपातल्या नामांकित कपड्यांच्या ब्रँडपर्यंत दाखवली. त्यानंतर अनेक ब्रँडनी आपले पुरवठादार तपासण्याची जाहीर ग्वाही दिली.

उल्हास नदीच्या काठावर

आता आपल्या गावाकडे येऊ. रेयॉनला पाणी भरपूर लागते. उल्हास नदी, कल्याणसारखे मोठे रेल्वे जंक्शन, जवळ मुंबई बंदर आणि कामाच्या शोधात आलेली माणसे या सगळ्यामुळे कल्याणचा पट्टा या उद्योगाला सोयीचा होता. स्वातंत्र्याच्या सुमारास स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना आंबिवलीजवळ मोहन्याला उभा राहिला. पन्नासच्या दशकात शहाडला सेंच्युरी रेयॉन सुरू झाले. कोकण, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर भारतातून आलेल्या हजारो कुटुंबांना या कारखान्यांनी घर, शाळा, पगार आणि पेन्शनची आशा दिली. हे ऋण विसरून चालणार नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये एनआरसीचे दरवाजे बंद झाले. सुमारे साडेचार हजार कामगारांचा रोजगार गेला आणि थकीत देण्यांचा लढा पुढे कित्येक वर्षे चालला. त्या लढ्यात पगार, ग्रॅच्युइटी, घरे यांचा हिशोब मागितला गेला आणि ते योग्यच होते. मला डॉक्टर म्हणून आणखी एका हिशोबाची आठवण करून द्यायची आहे. कारखाना बंद पडला की यंत्रे भंगारात जातात, जमीन विकली जाते, कामगार गावोगाव पांगतात. त्यांच्या वर्षानुवर्षांच्या आरोग्य तपासण्यांचे कागद मात्र कोणाच्याच यादीत नसतात. वीस वर्षे स्पिनिंगला काढलेल्या माणसाच्या शरीरात काय चालले आहे, हे सांगणारा तो एकमेव इतिहास असतो.

या पट्ट्यात आपल्याला स्फोट चांगले आठवतात. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत आणि २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्समध्ये झालेल्या स्फोटांनी काचा फुटल्या, तेव्हा आपण सगळे रस्त्यावर आलो होतो. २३ सप्टेंबर २०२३ ला शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये कार्बन डायसल्फाइड विभागात टँकरचा स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले, तेव्हा बातम्यांमध्ये या रसायनाचे नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकले. ते अत्यंत ज्वालाग्राही आहे, हे खरेच. पण या रसायनाचे दुसरे रूप आवाज करत नाही. ते हळूहळू, थोडेथोडे, वर्षानुवर्षे काम करते. त्याचा पंचनामा होत नाही. तो व्हायचा असेल, तर दवाखान्यातच व्हावा लागतो.

बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळून १,१०० हून अधिक कामगार मेले आणि काही आठवड्यांतच युरोपीय ब्रँडनी इमारत सुरक्षेच्या करारावर सह्या केल्या. पडलेली इमारत जगाला दिसली. अडीचपट वाढलेले हृदयविकार दिसायला मात्र डेलपेशनंतर शंभरहून अधिक वर्षे लागली.

कायदा डॉक्टरला काय सांगतो?

आपल्याकडे कायदा नाही असे मुळीच नाही. कारखाने कायदा, १९४८ मध्ये कळवण्यायोग्य आजारांची यादी होती आणि त्यात कार्बन डायसल्फाइडची विषबाधा स्पष्टपणे नोंदलेली होती. असा रुग्ण आढळला किंवा तशी शंका आली, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवलेच पाहिजे, हे कलम ८९ होते. हे बंधन कंपनीच्या डॉक्टरपुरते नव्हते. तुमच्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरवरही ते होते. कारखाने कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही डॉक्टरचे हे कर्तव्य कायम ठेवले आहे.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात आणखी महत्त्वाची भर पडली. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्या प्रत्येकाची आरोग्यनोंद ठेवणे आणि ती त्या कामगाराला पाहू देणे हे कलम ४१-सी मध्ये आले. १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सांगितले. त्या उद्योगातली आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा असेल तोपर्यंत जपण्याचा आदेशही दिला. इतका मोठा काळ का? कारण असे आजार निवृत्तीनंतर डोके वर काढतात.

नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यावसायिक आजारांसाठी एक कामगाराच्या बाजूचे तत्त्व आहे. यादीतले रसायन, त्या कामावर सलग किमान सहा महिने आणि त्या रसायनाने होणारा आजार, असे जुळले तर आजार कामामुळेच झाला असे धरले जाते. तसे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्या बाजूवर येते. पण या तत्त्वाचा उपयोग होण्यासाठी कागदावर आजाराचे नाव आणि कामाचे नाव एकत्र यावे लागते.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही नियम वाढत आहेत. आपल्या पुरवठादारांकडे माणसांना होणाऱ्या अपायाची जबाबदारी कंपन्यांनी ओळखावी, ही संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वे २०११ मध्ये आली. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा कामगारांचा मूलभूत हक्क मानला. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा जानेवारी २०२३ पासून लागू झाला. बर्लिनमधल्या कंपनीला आपल्या पुरवठादाराकडे कोणाला काय होते, हे विचारावे लागेल. पण तिथून प्रश्न आला आणि इथे कोणीच काही लिहून ठेवलेले नसेल, तर उत्तर ‘सर्व ठीक आहे’ असेच जाईल.

शरीर काय सांगते?

कार्बन डायसल्फाइड श्वासावाटे आणि काही प्रमाणात त्वचेतून शरीरात जाते. ते चरबीत सहज विरघळते, त्यामुळे मेंदू आणि नसा त्याच्या तावडीत लवकर सापडतात. दीर्घकाळ संपर्कात पुढील त्रास होऊ शकतात:

- पायांना, हातांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणे
- झोप बिघडणे, चिडचिड, नैराश्य, विसरभोळेपणा. संपर्क फार जास्त असेल तर भ्रम
- हातापायांचा कंप, हालचाली मंदावणे
- हृदयविकार, उच्च रक्तदाब, पक्षाघात
- डोळ्याच्या मागच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांतले बदल
- लैंगिक इच्छा कमी होणे, स्त्रियांमध्ये पाळीच्या तक्रारी
- हायड्रोजन सल्फाइडमुळे डोळ्यांची आग, पाणी येणे, प्रकाश सहन न होणे

ही यादी पुन्हा वाचा. पायांना मुंग्या? डॉक्टर साखर तपासतात. चिडचिड? ‘टेन्शन’ किंवा दारू. हृदयविकार? तंबाखू, वजन, कोलेस्टेरॉल. यांतले एकही कारण चुकीचे नाही, आणि म्हणूनच खरी अडचण आहे. या आजाराचे स्वतःचे असे एकही लक्षण नाही. तो नेहमी दुसऱ्या आजाराचे नाव घेऊन येतो. लघवीच्या एका खास तपासणीतून सध्याचा संपर्क कळतो, पण काम सोडून दहा वर्षे झालेल्या माणसात तिचा उपयोग नाही. अशा माणसाचे निदान मुख्यतः एका प्रश्नावर अवलंबून असते.

सुमारे तीनशे वर्षांपूर्वी इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या डॉक्टरांनी सांगून ठेवले, की रुग्णाला विचारायच्या जुन्या प्रश्नांत आणखी एकाची भर घाला : तुम्ही काय काम करता? आम्ही डॉक्टर केसपेपरवर ‘सर्व्हिस’ किंवा ‘रिटायर्ड’ एवढेच लिहितो. त्या एका शब्दात स्पिनिंग खाते, झॅन्थेट खाते, कार्बन डायसल्फाइड प्लँट, टाकी सफाई सगळे पुसले जाते.

मुंबईचा अनुभव सांगतो, की हे बदलू शकते. १९८८ मध्ये सुरू झालेल्या ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर या कामगारांच्या संस्थेने डॉक्टरांच्या मदतीने गिरणी कामगारांच्या फुफ्फुसांत कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या बिसिनोसिसचे निदान आणि भरपाई यांसाठी पाठपुरावा केला. त्याआधी तो खोकला अनेकदा दमा किंवा विडीचा परिणाम समजून सोडून दिला जाई.

तुम्ही काय करू शकता?

तुम्ही किंवा तुमच्या घरातले कोणी रेयॉन, रसायन, रंग किंवा औषध कारखान्यात काम करत असेल किंवा करत होते, तर पुढच्या गोष्टी करा.

१. कामाचा इतिहास एका कागदावर लिहा. कारखान्याचे नाव, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणते खाते, हातात कोणती रसायने येत, पाळी किती तासांची, मास्क आणि हवेची सोय काय होती, कायम की कंत्राटी. आजोबांची स्मृती शाबूत आहे तोवर हे करून घ्या.

२. हा कागद प्रत्येक डॉक्टरला दाखवा आणि केसपेपरवर त्याची नोंद करायला सांगा. संकोच करू नका.

३. जुनी पगाराची पावती, ओळखपत्र, ईएसआयचे कार्ड, कंपनीतल्या तपासण्यांचे कागद फेकू नका. नोकरी चालू असेल, तर आपल्या वार्षिक तपासणीच्या अहवालाची प्रत मागा. तो तुमचा हक्क आहे.

४. वरची लक्षणे असतील, तर साखर, रक्तदाब, ईसीजी यांसोबत नसांची तपासणी आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी करून घ्या. ईएसआयचे विमाधारक असाल, तर उल्हासनगर किंवा ठाण्याच्या कामगार विमा रुग्णालयात व्यावसायिक आजाराची शंका स्पष्ट शब्दांत सांगा.

५. तंबाखू सोडा, साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवा. रसायनाने आधीच ताण दिलेल्या रक्तवाहिन्यांना दुसरा ताण परवडत नाही.

६. कामाच्या जागी वास, डोळ्यांची आग, डोकेदुखी वारंवार होत असेल, तर एकट्याने सहन करू नका. सुरक्षा समिती, युनियन किंवा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कल्याण कार्यालयाकडे लेखी कळवा.

एक सूचनाही हवी. रेयॉन कारखान्यात काम केले म्हणजे आजार झालाच, असे समजून घाबरू नका. संपर्क किती होता, किती वर्षे होता, कोणत्या खात्यात होता, यावर सगळे ठरते. पायांच्या मुंग्यांमागे मधुमेहच असण्याची शक्यता आजही सर्वांत जास्त आहे. निदान प्रत्येक रुग्णाचे वेगळे होते आणि ते तपासणीनंतरच होते.

माझ्या डॉक्टर मित्रांनाही एक विनंती. कल्याण, उल्हासनगर, आंबिवली, टिटवाळा, डोंबिवली या भागात तुम्ही प्रॅक्टिस करत असाल, तर केसपेपरवर व्यवसायासाठी एक ओळ जास्त सोडा आणि ती खरोखर भरा. शंका आली, तर कायद्याने सांगितलेले पत्र पाठवा. फ्लिंटशायरच्या नोंदवहीत तो एक रकाना होता म्हणून पुढे हजारो कामगारांचे हृदय वाचले. आपल्याकडचा तो रकाना भरायला अर्धे मिनिट लागते.